डॉक्टर गंज रडत नाही

माझ्या हातून घोटाळे होत नाहीत. ही बढाई नाही, घरात ते सगळ्यांना मान्य आहे. किल्ल्या हरवायच्या त्या दादाने, दूध उतू घालवायचं ते आईने, आणि दोघांच्या मागून फडकं घेऊन फिरायचं ते मी. बाबा गेले तेव्हाही दवाखान्याची कागदपत्रं, नातेवाइकांचे फोन, त्यांचे शर्ट कोणाला द्यायचे, चष्मा कुठे ठेवायचा, सगळं मीच पाहिलं. डोळ्यांतून टिपूस न काढता. भेटायला येणारे म्हणायचे, "पोरगी खंबीर आहे हो." मलाही तसंच वाटत होतं.

त्यामुळे बाबांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं तेव्हा मी एवढंच म्हटलं, "माझ्यावर सोडा."

बाबा म्हणजे डॉक्टर गंजचे जन्मदाते. मुलांच्या एका साप्ताहिकात शेवटच्या पानावर डॉक्टर गंजची चित्रकथा यायची आणि मुलं ते साप्ताहिक शेवटच्या पानापासून उघडायची. डॉक्टर गंज ज्या लोखंडाला हात लावेल त्याला गंज चढायचा. तिजोऱ्या, पूल, तुरुंगाचे गज, काही म्हणजे काही त्याच्यापुढे टिकायचं नाही. त्याला दर आठवड्याला पकडणारा एक नायकही होता. त्याचं नाव आता कोणाला आठवत नाही. शेवटी शेवटी बाबांनाही आठवत नसे.

मी मात्र या खलनायकाचा अभ्यास केला होता. सुरुवातीला तो नुसता भुरटा, दाराचे स्क्रू चोरणारा. मग त्याच्या डोक्यावर लोखंडी शिरस्त्राण आलं आणि चेहरा कायमचा झाकला गेला. मग अंगावर लांब झगा आला. मग तो काडीसारखा बारीक झाला. या साऱ्यात एक गोष्ट कधी बदलली नाही: तो रडला नाही. एका भागात नायक त्याला विचारतो, तुला कधी रडू येत नाही का? त्यावर तो म्हणतो, "पाणी लागलं की लोखंडाचं काय होतं, ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक?"

या सगळ्यावर मी एक दीर्घ निबंध लिहिला होता. शिरस्त्राण म्हणजे यंत्रयुगाने पुसलेला माणसाचा चेहरा. झगा म्हणजे सत्तेचं आवरण. बारीक होणं म्हणजे आतून पोखरली गेलेली दुष्टता. उद्घाटनाला हाच निबंध मी वाचून दाखवणार होते, कारण उद्घाटनाला संग्रहालयाच्या बाई येणार होत्या.

खरा प्रश्न त्या बाईंचा होता. आई जुनं घर सोडून माझ्याकडे राहायला येणार होती. माझ्या दोन खोल्यांत आई मावत होती, चित्रांच्या ट्रंका मावत नव्हत्या. दादा म्हणाला, माझ्या गॅरेजमध्ये टाका. दादाचं गॅरेज गळतं. बाईंना चित्रं पसंत पडली, तर ती संग्रहालयाच्या कोरड्या कपाटांत जाणार होती. नाही पडली, तर गॅरेज. बाई एकदाच येणार होत्या.

वाचनालयाच्या सभागृहात मी दुपारीच पोचले. चित्रं लागली होती, क्रमाने, एका पातळीत. सुतार शेवटची चौकट ठोकत होता. मधल्या टेबलावर ते शिरस्त्राण होतं, खरंखुरं, पत्र्याचं. सावल्या नीट काढता याव्यात म्हणून बाबांनी ते करून घेतलं होतं. ते घालून ते आरशासमोर बसत आणि स्वतःला बघून चित्र काढत. लेबलावर मी लिहिलं होतं: 'मागील बाजूस खिळ्यांची शोभेची ओळ. ताठर वृत्तीचं प्रतीक.' त्याखाली मला आणखी एक वाक्य हवं होतं: 'या फटीतून चित्रकाराला जग असे दिसे.' पण कसे दिसे? अनुभवाशिवाय लिहू नये, असं माझं ठाम मत आहे. मी इकडेतिकडे पाहिलं आणि शिरस्त्राण डोक्यात घातलं.

मागे कुठेतरी 'खट्' असं झालं. समारंभासाठी मी अंबाडा घातला होता, त्याचा आकडा मोडला असेल असं मला वाटलं.

फटीतून सभागृहाची एक पट्टी दिसत होती. आत लोखंडाचा वास होता आणि त्याच्या मागे बाबांच्या डोक्याच्या तेलाचा. ते मी मनात नोंदवलं आणि शिरस्त्राण काढायला गेले.

ते निघेना.

"ताई, आत काय करताय?" सुताराने शिडीवरून विचारलं.

"लेबल लिहितेय," मी म्हटलं. पण पिंपात तोंड घालून बोलावं तसा तो आवाज माझ्याच कानांत घुमला. बाहेर नुसतं 'बूं बूं' ऐकू गेलं म्हणे.

सुतार उतरला. त्याने माझ्याभोवती एक फेरी मारली, जशी तो अडकलेल्या खिडकीभोवती मारतो. "अंबाडा अडकलाय," त्याने निदान केलं. "ओढू का?"

मी मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, हे शिरस्त्राणात कळत नाही. त्याने ओढलं. मी टेबलासकट त्याच्यामागे गेले. आवाज ऐकून ग्रंथपाल धावत आले आणि त्यांनी मला मागून धरलं. मग एक वर ओढतोय आणि एक खाली, आणि मध्ये मी, बरणीच्या झाकणासारखी.

"तेल घालू," सुतार म्हणाला.

"मॅडम, चालेल ना?" ग्रंथपालांनी अदबीने विचारलं. ते सगळं अदबीनेच करतात. अदबीनेच त्यांनी बिजागऱ्यांच्या तेलाचा डबा माझ्या मानेवर उपडा केला. तेल मानेतून पाठीवर आणि पाठीवरून माझ्या नव्या फिकट निळ्या कपड्यांवर उतरलं. शिरस्त्राण जागचं हललं नाही.

"मग कापावंच लागणार," सुतार पिशवीत हात घालत म्हणाला. "बारीक करवत आहे. ताईंच्या नाकाला धक्का लावत नाही."

मी चाचपडत टेबलावरचं कोरं लेबल ओढलं आणि लिहिलं: 'करवत वापरू नये.' ग्रंथपालांनी ते वाचलं, आणि सवयीने टाचणी घेऊन भिंतीवर टोचलं.

"अग्निशमनवाल्यांना बोलवायचं का?" सुतार म्हणाला.

"नको. मागे मांजर काढायला आले होते. मांजर निघालं, पण अख्खा इतिहास विभाग भिजला."

एवढ्यात दार उघडून दाताचे डॉक्टर आत आले. वाचनालयाच्या कमिटीवर आहेत, आणि लहानपणापासून डॉक्टर गंजचे भक्त. म्हणून वेळेच्या आधी आले होते. ते दारातच थबकले. टक्कल पडलेल्या त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की क्षणभर मी तेल विसरले.

"हात लावू?" त्यांनी हळूच विचारलं.

"आत ताई अडकल्यात," सुताराने सांगितलं.

"असं का," डॉक्टर म्हणाले. पण हात त्यांनी लावलाच. मग त्यांना आपला व्यवसाय आठवला. फटीतून आत बघत म्हणाले, "आ करा." मी आ केला. "दात चांगले आहेत," त्यांनी जाहीर केलं. त्या दुपारी माझ्याबद्दल कोणी काढलेले तेवढेच चांगले उद्गार.

पायऱ्यांवर पावलं वाजली. संग्रहालयाच्या बाईही लवकर आल्या होत्या. दाताच्या डॉक्टरांनी प्रसंगावधान दाखवून खुंटीवरचा झगा, प्रदर्शनातला, ओढला आणि तेलकट कपडे झाकायला माझ्या अंगावर टाकला. बाई आत आल्या तेव्हा त्यांच्यासमोर डॉक्टर गंज उभा होता. नखशिखान्त, आणि थोडा गळत.

"वा," बाई म्हणाल्या. "नट पण बोलावलाय तुम्ही. आणि त्यांची मुलगी कुठे आहे? ती बोलणार होती ना?"

ग्रंथपालांनी दाराकडे बोट दाखवलं, सुताराने छताकडे, आणि डॉक्टरांनी घड्याळाकडे. "येतायत," ग्रंथपाल म्हणाले.

लोक येऊ लागले. खुर्च्या भरल्या. मला मंचावर कोपऱ्यात उभं केलं होतं. जो तो येऊन माझ्याशेजारी उभा राहून फोटो काढत होता. निबंध माझ्या हातात होता आणि बाई घड्याळ बघत होत्या. मला गॅरेज दिसत होतं. ट्रंकांवर थेंब पडत होते, अगदी स्पष्ट.

मग आई आली. ग्रंथपालांनी तिला दारातच गाठून एवढंच सांगितलं, की आत मॅडम आहेत आणि बोलायचं आता तुम्हालाच. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, अजिबात न दचकता, आणि म्हणाली, "मला कुठे बोलता येतं? पण विचारा हवं ते. सांगते."

बाईंना तेवढंच हवं होतं. पहिल्या चित्रापासून विचारायला लागल्या. "हे शिरस्त्राण एकदम का आलं?"

मी आतून ओरडले, "यंत्रयुग!"

"आत काहीतरी बूं म्हणाला तो," बाई म्हणाल्या.

"हा डबा होय?" आई म्हणाली. "अहो, यांना कान काढता येत नसत. फुलकोबीसारखे यायचे. संपादक म्हणाले, काहीतरी घालून झाका."

लोक हसले. निबंधाचं पहिलं पान माझ्या हातात मऊ पडलं.

"आणि झगा?"

"हातांना वेळ लागायचा. अंक तर दर आठवड्याला. झगा घातला की हात आत."

"मग तो असा बारीक का झाला?"

"जाहिराती वाढल्या. पान अर्धं केलं उभ्यात. जाडा माणूस मावेना त्यात."

आता लोक मोकळेपणाने हसत होते, बाई तर डोळे पुसत होत्या. दाताचे डॉक्टर एका भिंतीकडून दुसरीकडे जाऊन एकेक चित्र नव्याने बघत होते. माझी सत्ता, माझी दुष्टता, माझं यंत्रयुग सगळं एका दमात कोसळलं होतं आणि मला, खरं सांगायचं तर, हायसं वाटत होतं. बाबा असेच बोलायचे. मी बोलले असते तर ते त्या खोलीत आलेच नसते.

बाई शेवटच्या चित्राशी थांबल्या. दवाखान्यात काढलेलं, नुसतं पेन्सिलीचं. डॉक्टर गंज पाठमोरा बसलाय, शिरस्त्राण काढून शेजारी ठेवलंय. निबंधात मी याला 'खलनायकाचं विसर्जन' म्हटलं होतं.

"पण इथे कान आहेत," बाई म्हणाल्या. "आणि किती सुंदर आलेत."

"हो ना," आई म्हणाली. "शेवटी जमले एकदाचे. आमची मुलगी त्यांच्या उशाशी बसून वाचायची. दिवसचे दिवस, पुस्तकात डोकं खुपसून. हे तिच्याकडे बघत काढत बसायचे. मी विचारलं, कोणाचे हो हे कान? तर मला म्हणाले, हळू बोल, ती हलेल."

मी ते चित्र स्वतः चौकटीत बसवलं होतं. पातळी लावून टांगलं होतं. पण स्वतःचा कान मागून कोण ओळखतो?

आत बाबांच्या तेलाचा वास होता. मला वाटलं खोकला येतोय. तो खोकला नव्हता. बाबा गेल्यापासून जे कुठे ठेवलं होतं ते मलाच माहीत नव्हतं, ते सगळं एकदम वर आलं. आणि पत्र्याचा गुण असा की त्याने त्याचा नगारा केला. मंचाच्या कोपऱ्यात डॉक्टर गंज ढसाढसा रडत होता, झग्यासकट हलत होता, आणि त्याच्या हनुवटीखालून पाणी ठिबकत होतं.

दाताचे डॉक्टर हळूच पुढे आले. "रडू नका," ते अगदी कळवळून म्हणाले. "गंज चढेल."

कोणी हसलं नाही. मग मीच हसले, आणि तेही आतल्या आत असं काही घुमलं की पुढच्या रांगेने खुर्च्या मागे घेतल्या.

बराच वेळ गेला. मग आई मंचावर आली, माझ्या मागे गेली, आणि तिने खिळ्यांच्या शोभेच्या ओळीतला मधला खिळा अंगठ्याने दाबला. 'खट्' झालं. शिरस्त्राण मागून दारासारखं उघडलं आणि तिने ते अलगद उचललं. आत मी होते. लाल नाक, तेलकट मान, सुटलेला अंबाडा.

"ही माझी मुलगी," आईने बाईंना ओळख करून दिली. बाईंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग चित्राकडे, मग माझ्या कानाकडे.

"आई," मी कुजबुजले, "हा खटका तुला माहीत होता?"

"म्हणजे काय? रोज संध्याकाळी मीच उघडायचे. यांचा हात मागे पोचत नसे."

"मग आल्या आल्या का नाही काढलंस?"

"मला वाटलं, मुद्दाम घातलंयस. तू एवढी शिकलेली. म्हटलं, काहीतरी अर्थ असेल."

"आणि नंतर? मी रडायला लागले तेव्हा?"

आईने पदराने शिरस्त्राण आतून पुसलं. "तेव्हा कळलं, अडकलीयेस. पण म्हटलं, इतक्या महिन्यांनी आलंय, होऊन जाऊ दे. आत आहेस तोवर कोणी बघतही नाही."

बाईंनी सगळी चित्रं घेतली. ट्रंकाही घेतल्या. घरी जाताना मी आईला म्हटलं, "खूप हलकं वाटतंय गं." "वाटणारच," ती म्हणाली. "एवढा डबा उतरला डोक्यावरचा."

संग्रहालयात आता डॉक्टर गंजची स्वतंत्र खोली आहे. चित्रांखाली आईने सांगितलेलीच वाक्यं लावली आहेत. माझा निबंध अभ्यासकांना मागितल्यास मिळतो. अजून कोणी मागितलेला नाही. शिरस्त्राणाला हनुवटीपाशी आतून गंजाचा एक लहानसा ठिपका आला आहे. घासून काढू का, असं विचारायला बाईंचा फोन आला होता. मी म्हटलं, राहू द्या.

एक लेबल मात्र त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतलं. अनुभवाशिवाय लिहू नये, हे त्यांनाही पटतं. ते शिरस्त्राणाच्या बरोबर खाली आहे:

'डोक्यात घालू नये. घातल्यास मागचा मधला खिळा दाबावा.'