मार्तंड तोरसकरांचा आठवा राजीनामा

"या वेळी काही म्हणजे काही चुकणार नाही," मार्तंड तोरसकर जेवता जेवता बायकोला म्हणाले. "रविवारी सायकल स्पर्धा, सोमवारी राजीनामा. त्यानंतर मी, माझी चटई आणि दुपारची झोप. मंडळाचं नाव काढलं तर माझं नाव बदल."

जानकीवहिनींनी भात वाढला. हे भाषण त्यांनी याआधी सात वेळा ऐकलं होतं आणि नवऱ्याचं नाव अजून तेच होतं.

तोरसकर भांडुपच्या जय भैरी क्रीडा मंडळाचे सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणजे काय चीज असते ते ज्याने मंडळ चालवलंय त्याला विचारा. अध्यक्षाच्या गळ्यात हार पडतो, खजिनदार मान डोलावतो, आणि सगळे घरी गेल्यावर सतरंजी झटकतो तो सेक्रेटरी. दिवसभर कंपनीत मान मोडून काम, संध्याकाळी मंडळात मान मोडून काम. माणूस पार पिचून गेला होता हो! पण सुटका नव्हती. दर वेळी कार्यक्रमात काहीतरी घोळ व्हायचा. कबड्डीच्या फायनलला मांडव बसला, कॅरमच्या वेळी स्ट्रायकरच हरवला. मग अध्यक्ष दशरथदादा खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "असं अर्ध्यात टाकून जातात होय रे? एक तरी कार्यक्रम नीट कर, मग खुशाल जा." म्हणजे सुटायचं तर एकदा यश मिळवणं भाग होतं.

म्हणून ही सायकल स्पर्धा. साल शहाऐंशी. मुलुंड चेकनाक्यावरून निघायचं, ठाणं ओलांडून घोडबंदर रस्त्याला लागायचं आणि गायमुखच्या चढणीवर संपवायचं. तेव्हा त्या रस्त्याला डावीकडे डोंगर, उजवीकडे खाडी, मधे झोपाळू गावं आणि अधूनमधून एखादा रेतीचा ट्रक. चुकायला जागाच नव्हती. तरी तोरसकरांनी धोका पत्करला नाही. शनिवारी फक्कीची गोणी कॅरिअरला बांधून ते आणि मंडळाचा धाकू सावंत सगळा रस्ता फिरले. फक्की म्हणजे कबड्डीचं मैदान आखतात ती चुन्याची पूड. प्रत्येक फाट्यावर तोरसकरांनी वाकून हाताने बाण काढला. ओवळ्याच्या पुढे खाडीकडे एक वाट उतरते. तिथे तर त्यांनी सरळ जाणारा बाण दोनदा गिरवला. घरी आले तेव्हा कमरेने सरळ व्हायला नकार दिला होता आणि भुवयांपर्यंत चुना होता.

रविवारी सकाळी शिट्टी झाली. अर्ध्या सायकली भाड्याच्या. एक तर दूधवाल्याची होती, तिच्या किटल्यांच्या कड्या वाजत होत्या. सगळ्यांच्या पाठीवर पुठ्ठ्याचे नंबर. मागे पंप आणि पंक्चरचं सामान घेऊन धाकू. तोरसकर दशरथदादांबरोबर टेम्पोने पुढे गेले. टेम्पोत त्यांची स्वतःची सायकल, विजेत्याचा हार आणि कप. कप मोठा होता. मंडळाची अब्रूच म्हणा.

गायमुखला त्यांनी रस्त्यावर फीत बांधली आणि वाट बघू लागले. बराच वेळ गेला. एक रेतीचा ट्रक आला आणि फीत घेऊन गेला. तोरसकरांनी धोतराचा काठ फाडून दुसरी बांधली असती, पण त्यांनी पँट घातली होती. दशरथदादा झाडाखाली घोरायला लागले होते. ती झोप बघून तोरसकरांना हेवा वाटला. एवढीशीच तर त्यांना हवी होती.

ऊन डोक्यावर आलं तरी एकही सायकल दिसेना. म्हणजे यंदाही वाट लागली! दादांना उठवण्यात अर्थ नव्हता. तोरसकरांनी हार गळ्यात अडकवला, कारण हात मोकळे हवे होते, कप हँडलला टांगला आणि उलटे निघाले. ओवळ्याच्या फाट्याशी येऊन बघतात तर त्यांचा दोनदा गिरवलेला बाण खराट्याने साफ झाडलेला. त्याच जागी दुसरा बाण, त्यांच्या बाणाच्या दुप्पट, डौलदार, खाडीकडे उतरणारा.

आता तुम्हीच सांगा. समोर चढण, उजवीकडे उतार, आणि बाणही उताराकडेच दाखवतोय. दमलेला माणूस शंका घेईल कशाला? तोरसकरही दमलेले होते. तेही उतरले.

उताराच्या टोकाला मांडव होता. तोरसकरांनी सायकल टेकवली आणि कप हातात घेतला. बँडवाल्यांनी गळ्यात हार आणि शिट्टी, हातात कप असलेला माणूस बघितला आणि वाजवायलाच सुरुवात केली. दोन बाया तांब्या घेऊन पाय धुवायला धावल्या. कोणीतरी त्यांचे पाय धुतले, कोणीतरी गंध लावलं, आणि "नवऱ्याच्या कंपनीतले मोठे साहेब आले, वाट द्या" असं म्हणत त्यांना आत नेलं. आत पंगत बसली होती. पंगतीत पाठीवर नंबर लावलेली अख्खी स्पर्धा बुंदीचे लाडू खात होती. दूधवाल्याच्या सायकलवरच्या नंदूने तर पुरी उंचावून सेक्रेटरींना सलाम केला.

 तोरसकर धाकूजवळ जाऊन बसले आणि त्यांनी त्याला विचारलं की अरे, काल बाण काढताना तू माझ्याबरोबर होतास ना?

धाकूने घास गिळला. "बाण बघलंय मी. म्हटलंय, भाऊंनी सकाळी बदललो असात. सेक्रेटरी तुम्ही. तुमका इचारणारो मी कोण?"

त्याचं बाकीचं म्हणणं असं की, नवरा मुलुंडच्या कंपनीत कामाला, त्याचे दोस्त सायकलवरून येणार हे मुलीकडच्यांना ठाऊक होतं. नवरदेवाने यातलं एकही तोंड ओळखलं नाही, पण ही मुलीकडची असतील म्हणून तो गप्प बसला. आणि पोरं गप्प बसली, कारण तोपर्यंत वाढप सुरू झालं होतं.

एवढ्यात हात हलका झाल्यासारखा वाटला. बघतात तो कप नव्हताच. तो आहेर घेणाऱ्या माणसाकडे पोचला होता आणि कर्ण्यावरून पुकारा चालला होता, "जय भैरी क्रीडा मंडळ, भांडुप यांच्याकडून नवरदेवाला एक मोठा कप." मागाहून बारीक आवाजात, "बशी नाही."

आता मात्र तोरसकर उठले. दुसऱ्याच्या लेकीच्या लग्नात फुकट जेवायचं हे त्यांच्या मनाला पटेना. मुलीच्या बापाला, धोंडिराम पाटलांना, त्यांनी बाजूला घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. आम्ही कोणीच नाही, आम्ही शर्यतीची माणसं, आमचा बाण कोणीतरी पुसला.

पाटलांनी डोक्यावरचा फेटा सारखा केला. त्यांचा चेहरा एकदम पडला.

"तो मीच झाडला हो," ते म्हणाले. "पुढच्या गावात आज दुसरं लग्न आहे. मला वाटलं, माझे पावणे तिकडे पळवायला त्यांनीच काढला."

 मग पाटील हसले. "दारात आलेला माणूस पावणाच, सेक्रेटरी. जेवल्याशिवाय हलायचं नाही." तोरसकरांना रडू आल्यासारखं झालं. इतक्या वर्षांत कुठल्याही कार्यक्रमात त्यांना कोणी आधी जेवायला बसवलं नव्हतं. त्यांनी गळ्यातला हार काढून नवरदेवाच्या गळ्यात घातला आणि पानावर बसले. दशरथदादांची आठवण त्यांना तिसऱ्या लाडवाला झाली.

सोमवारी संध्याकाळी मंडळाची सभा भरली. विजेता नाही, कप नाही, अध्यक्ष उन्हात करपलेले. तोरसकर खिशात राजीनामा घेऊन आले होते. यशाचं काही जमलं नव्हतंच, आता निदान हाकलून तरी देतील एवढी त्यांना आशा होती. पण नंदू उठला आणि म्हणाला की मंडळाच्या जन्मापासून असा झकास कार्यक्रम झाला नाही. टाळ्या पडल्या. मग एकेक जण उठून भाजीची, वरणाची तारीफ करू लागला. भांडण झालं ते एवढ्यावरच की पहिला पानावर कोण बसला.

तोरसकरांनी चाचरत विषय काढला, की कार्यक्रम एवढा चांगला झालाच आहे, तर ठरल्याप्रमाणे मला आता मोकळं करा.

"वेडा की काय तू?" दशरथदादा म्हणाले. त्यांच्या घरी पाटलांनी लाडवांची टोपली पाठवली होती. "असा सेक्रेटरी कोणी सोडतं काय रे?" राजीनामा एकमताने नामंजूर झाला. दरवर्षी ही स्पर्धा घ्यायची असाही ठराव झाला, आणि तारीख लग्नाचे मुहूर्त बघूनच धरायची. रस्त्यावर कोणाकडे कार्य आहे ते शोधायचं काम अर्थातच सेक्रेटरींकडे.

तोरसकर पाय ओढत घरी आले. आता एक जानकीच काय ती आपल्या बाजूची, असं मनाशी म्हणत त्यांनी तिला सगळं सांगितलं.  तिने उठून भिंतीवरचं पंचांग काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

"सुट्टीच्या दिवशीचा लग्नमुहूर्त बघा," ती म्हणाली. "मला सायकल येत नाही, पण कॅरिअरवर बसेन."

तोरसकरांनी चष्मा लावला.