करंजाच्या तेलावरचं इंजन

इंजनात घालायचं तेल आधी स्वतः चाटून बघणारा मिस्त्री मी आयुष्यात एकच पाहिला. हिंगोलीच्या जिनिंग कारखान्यात मी कापूस तोलायच्या काट्यावर होतो आणि रशीदमिस्त्री इंजनावर. बोट बुडवायचं, जिभेला लावायचं, डोळे मिटायचे. "इंजनाला बी पोट हाय, भाऊ. वंगाळ खाल्लं की ढेकर बी वंगाळच!"

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत चांगलं तेल मिळेना, आणि तो ढेकर भलताच काळा झाला. मिळेल ते गाळाचं तेल घालावं लागे, आणि धूर जायचा थेट भिंतीपलीकडं, मिस्त्रींच्या थोरल्या बहिणीच्या अंगणात. खातूनआपाला दमा. इकडं इंजन सुरू झालं की तिकडं तिचा खोकला सुरू. तिनं ठरवलेली मुलगी मिस्त्रींनी नाकारली, तेव्हापासून दोघांचा आठ वर्षांचा अबोला. आणि मिस्त्री आपले बिनलग्नाचेच राहिले.

"धुराची एवढी काळजी आपासाठी का?" असं विचारलं की मिस्त्री भडकायचे. "माझा काय संबंध? इंजनाची तबियत बिघडून राहिली!"

मग प्रयोग सुरू झाले. आधी शेंगदाण्याचं तेल. अहो, दिवसभर कारखान्यात भज्यांचा वास! बाया काम सोडून नाकं वर करून बसल्या. शेठजी कडाडले, "लोकांना फोडणीला तेल न्हाई, आन् तू इंजनाला पाजतोस?"

मग करंजाचं. ते चाटल्यावर दोन दिवस मिस्त्रींचं तोंड वाकडं. पण माणूस हट्टी. तेल धोतराच्या फडक्यातून गाळलं, धुराच्या नळीवर डबा बांधून ऊन केलं, पातळ केलं. शेठजींनी बजावलं, "शनिवारपर्यंत बघतो. न्हाई जमलं तर काळंच तेल."

शनिवारी दुपारी इंजन झकास धडधडत होतं आणि धूर जवळजवळ दिसेना. मिस्त्री काट्यापाशी आले. "भाऊ, तिकडून इंजनाचा आवाज कसा येतो, जरा ऐकून या."

"तिकडून म्हणजे?"

"भिंतीपलीकडून हो! काहून छळता?"

गेलो. आपा बाजेवर निवांत ज्वारी निवडत होती. खोकला नाही. मला बघताच म्हणाली, "त्यानंच धाडलं ना तुमाला? त्याला म्हणावं, जेवायला ये. आत्ताच्या आत्ता."

मी निरोप सांगितला. मिस्त्रींनी तोंड फिरवलं आणि बाहीनं डोळे पुसले. मग ऐन हंगामात, भर दुपारी, त्या माणसानं चालतं इंजन बंद केलं.

सगळा कारखाना गप्प झाला. शेठजी धावत आले. "काय बिघडलं?"

मिस्त्री फाटकाबाहेर पोचलेसुद्धा होते.

"काही न्हाई बिघडलं," मी म्हणालो. "मिस्त्री बहिणीकडं जेवायला गेलेत."