तिसऱ्या खुर्चीतले साहेब

अंगदतात्या रिकाम्या खोलीतसुद्धा दार वाजवल्याशिवाय शिरत नसत.

खोली म्हणजे सोसायटीचं गोदाम. कुलूप त्यांनीच लावलेलं, किल्ली त्यांच्याच करगोट्याला. कुलूप काढायचं, कडी सरकवायची, टोपी नीट करायची आणि दोन बोटांनी दार वाजवून विचारायचं, "आत येऊ का, सर?" मग थांबायचं. एखाद्या दिवशी ते लगेच आत जात. एखाद्या दिवशी आम्हाला हातानं मागं सारत आणि दबक्या आवाजात म्हणत, "थांबा. अजून 'या' म्हणले न्हाईत."

आम्ही म्हणजे मी आणि शकील. भर दुपारच्या उन्हात आम्ही दाराबाहेर उभे. आत कुणी नाही हे दोघांनाही पक्कं ठाऊक. तरी दार उघडलं की मी शकीलला पुढं घालत असे, हे कबूल केलेलं बरं.

आमचं गाव युसूफ वडगावच्या पलीकडं. शकील वडगावचा, त्याच्या अब्बांचा फळांचा गाडा. आम्ही दोघं बारावी झालो होतो आणि दोघांनाही डी.एड.ला जायचं होतं. त्या काळी आधी लेखी परीक्षा व्हायची आणि तीत निवडून निघालेल्यांची तोंडी मुलाखत. लेखीत आम्ही निघालो होतो. त्या साली प्रवेशाचं सगळंच लांबलं होतं, आणि तोंडी अंबाजोगाईला दसऱ्याच्या तोंडावर आली.

तोंडीत हुकलो तर काय, तेही ठरलेलं होतं. आमच्या भागात जोडीनं ऊस तोडणाऱ्या दोघांना मिळून एक कोयता म्हणतात. दरसाल माझा थोरला भाऊ दिगूदादा आणि वहिनी मिळून आमच्या घरचा कोयता व्हायचा. त्या साली वहिनी बाळंतीण होती. मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल मात्र आधीच घेऊन झालेली. दादा एकटा म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता कुठलाच मुकादम ट्रॅक्टरमध्ये चढू देत नाही. उरलेला अर्धा मी होतो. उसाच्या फडावर गेलेलं पोरगं पुन्हा पुस्तकाकडं वळत नाही, हे आमच्या गल्लीत घरोघरी दिसत होतं. जागा मिळाली तर मी सुटलो. मग दादाचं काय, हा विषय मात्र घरात कुणी काढत नव्हतं. मीही काढला नाही.

अशा वेळी गावात तोंडीची तयारी करून घेणारे एकच, अंगदतात्या.

तात्या सोसायटीचं गोदाम सांभाळत. चांगल्या साली तिथं खताच्या आणि बियाण्याच्या थप्प्या लागायच्या. त्या साली पाऊस झाला नाही, पेरण्या झाल्या नाहीत, आणि सोसायटीनं खत मागवलंच नाही. संचालक मंडळी गोदामाकडं फिरकेनाशी झाली. आत उरली होती रिकामी पोती, खताचा नाकात जाणारा वास आणि वाशांवर घुमणारी कबुतरं. दुष्काळामुळं ऊसतोडीच्या टोळ्याही लवकर हलल्या होत्या. कुणी कर्नाटकाकडं गेलं, कुणी पुण्याकडं मातीकामाला. गल्लीतून चालताना घरांची कुलपं तेवढी दिसायची. टँकर आला की म्हातारी माणसं घागरी घेऊन बाहेर यायची, टँकर गेला की पुन्हा गाव चिडीचूप. अशा गावात भर दुपारी गोदामातून तीन साहेबांचे आवाज यायचे.

आवाज खरं तर दोनच. तात्यांनी एका टेबलामागं तीन खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या खुर्चीत बसले की ते घोगऱ्या आवाजात खेकसत, "नाव? गाव? गुरुजी कावून व्हायचंय?" मग उठून दुसऱ्या खुर्चीत जात, पदर सावरल्यासारखा हात करत आणि बारीक आवाजात विचारत, "मुलाने रडायला सुरुवात केली तर तुम्ही काय कराल?" बाईंची भाषा शुद्ध असे. तिसऱ्या खुर्चीत तात्या कधीच बसत नसत. तिच्या जवळून जाताना ते अंग चोरून जात.

"सवाल दोघं करत्याल," ते सांगत. "पण जवाब द्यायचा तिसऱ्याला. त्याच्याकडं बघून बोल."

"तिथं कुणी न्हाई, तात्या," शकील म्हणायचा.

"म्हणून तर अवघड हाय."

एकदा शकीलनं शिक्षणमंत्र्यांचं नाव बरोबर सांगितलं, तर तात्या चिडले. त्यांच्या स्वतःच्या तयारीच्या वेळी जे मंत्री होते, तेच नाव सांगायचं असा त्यांचा हुकूम होता. "नवीन नाव कुणीबी सांगल. जुनं सांगितलं की कळतं, ह्याचा अभ्यास पहिल्यापासून हाय."

आणि प्रत्येक उत्तरानंतर तात्या त्या खुर्चीकडं मान वळवून विचारायचे, "तिसऱ्याला कळलं का?" मग थांबायचे. कधी मान डोलावून म्हणायचे, "कळलं." कधी नुसतंच आमच्याकडं बघायचे, आणि आम्ही तेच उत्तर पुन्हा पहिल्यापासून द्यायचो. हे खूळ गोदामापुरतं नव्हतं. लग्नाच्या पंगतीत भात वाढताना, चावडीवर कुणी टँकरची बातमी सांगितली तर, प्रत्येक ठिकाणी तात्या बाजूच्या मोकळ्या जागेकडं वळून तेच विचारत. बायका त्यांच्या वाऱ्याला पोरं उभी करत नसत.

हा तिसरा कोण, ते शकीलनं एकदा सरळ विचारलं.

तात्या पोत्यांवर टेकले. तरुणपणी तेही तोंडीला गेले होते. तीन जण बसले होते. दोघांनी प्रश्न विचारले, तात्यांनी दणकून उत्तरं दिली. दोघंही खूश. तिसरे साहेब खिडकीबाहेर बघत बसलेले. शेवटी दोघांनी त्यांच्याकडं पाहिलं, तर त्यांनी एकदाच मान हलवली. नाही म्हणून.

"दोघांना मी जिंकलं होतं," तात्या म्हणाले. "तिसऱ्यानं एक सवाल तरी करायचा. कशात कमी पडलो, तेच कळलं न्हाई."

"माशी हाकलली असंल बे त्यानं," शकील माझ्या कानात म्हणाला. बोलला हळूच, पण गोदामात घुमलं.

"माशी असती तर मला दिसली असती," तात्या म्हणाले. त्या दिवशी त्यांनी गोदामाला लवकर कुलूप घातलं.

तोंडीत छोटा पाठ घ्यायला सांगतात, म्हणून पाठाचीही तालीम होई. मला विषय दिला पाण्याचे उपयोग. त्या सालात! समोर वर्ग म्हणून रिकामी पोती मांडलेली. पाठाआधी तात्या हजेरी घेत. गावातली जी पोरं आईबापांबरोबर निघून गेली होती, त्यांचीच नावं. "किसन." थांबायचं. "पारू." थांबायचं. मग पाठ सुरू झाला की एखाद्या पोत्याआडून तात्याच बारीक आवाज काढत, "गुरुजी, पाणी म्हंजे कोणतं? टँकरचं का?" आम्ही हसलो की डोळे वटारत. "पोरानं सवाल केला की हसायचं न्हाई. पोरगं मरतं आतल्या आत."

एका दुपारी अशीच हजेरी चालली होती. वारा पडलेला. कबुतरंसुद्धा गप्प. तात्यांनी नाव घेतलं, "सखू." ही आमच्या शेजारची, चौथीतली. थोडा वेळ गेला आणि मागून कुणीतरी म्हणालं, "हजर."

मी शकीलकडं पाहिलं. तो डोळे फाडून माझ्याकडंच बघत होता.

"बाळू," तो म्हणाला, "तूच बोललास बे."

मला ते अजूनही आठवत नाही. तात्यांनी मात्र वर न बघता पुढचं नाव घेतलं.

मग तोंडीचा दिवस आला. आमच्या दोघांच्या तारखा वेगळ्या होत्या, म्हणून अंबाजोगाईला मी एकटाच गेलो. खोलीच्या दारावर दोन बोटांनी टकटक केली आणि विचारलं, "आत येऊ का, सर?"

"या," आतून आवाज आला, आणि मी दचकलो. एवढ्या दिवसांत या शब्दाची सवयच नव्हती.

टेबलामागं तीन खुर्च्या. एकीत चष्म्याचे, स्थूल असे साहेब. दुसरीत बाई. तिसरी रिकामी, पाठीवर धुतलेला पांढरा टॉवेल टाकलेला. हे सगळं माझ्या ओळखीचं होतं.

साहेबांनी नाव विचारलं. मी रिकाम्या खुर्चीकडं बघून सांगितलं. बाईंनी विचारलं, शिक्षक का व्हायचंय. मी खुर्चीकडं बघून सांगितलं. बाईंनी एकदा खुर्चीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि आपली खुर्ची हळूच साहेबांच्या बाजूला सरकवली.

"तुम्ही कुणाकडे बघताय?" साहेबांनी विचारलं.

"तिसऱ्या साहेबांकडे," माझ्या तोंडून निघून गेलं.

बाईंच्या हातातलं पेन थांबलं. "ते वारले," त्या म्हणाल्या. "गेल्याच आठवड्यात. ते इथं बसायचे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, बाई."

खरं तेच बोललो होतो. पण खोलीतली हवाच बदलली. साहेबांनी घसा खाकरला, फळ्याकडं बोट दाखवलं आणि एखादा छोटा पाठ घ्या म्हणाले. मी पाण्याचे उपयोग घेतले. समोर बघतो तर दोघंही खुर्चीकडं चोरून बघत होते. पाठ संपला, आणि सवयीनं मी मान वळवून विचारलं, "तिसऱ्याला कळलं का?"

मग शिकवल्याप्रमाणं थांबलो. साहेब थांबले. बाई थांबल्या. पंख्याच्या वाऱ्यानं टॉवेलचं टोक हललं.

"कळलं," साहेब कापऱ्या आवाजात म्हणाले. "कळलं त्यांना. या तुम्ही."

मला जागा मिळाली. आज इतकी वर्षं गुरुजी आहे, पण मी त्यांना पटलो म्हणून घेतलं की मला लवकर बाहेर काढायचं म्हणून, ते ठरवता आलेलं नाही.

अंबाजोगाईहून परतल्यावर गोदामात येऊन मी सगळं सांगितलं. शकील पोत्यांवर लोळून हसला. पुढं त्याची तोंडी नीट झाली नाही, त्याचा नंबर पुढच्या साली लागला, पण त्या दिवशी त्याला हसू आवरेना. तात्या हसले नाहीत.

"वारले?" त्यांनी विचारलं. "कशानं?"

"विचारलं नाही, तात्या."

"विचाराया पायजे होतं." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "उंच होते का?"

"तुमच्या वेळचे नसतील ते. तुमचे साहेब कधीच रिटायर झाले असतील."

"व्हय. तसंच असंल," ते म्हणाले. पण बराच वेळ टोपीवरून हात फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून गोदाम उघडलं नाही. तात्या बाहेर पायरीवर बसलेले दिसायचे. मी जवळून गेलो तर नुसती मान हलवायचे. खोलीकडं पाठ करून बसायचे, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

दसरा झाला आणि आमच्या टोळीचा ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत भांडी, सरपण, गोधड्या, कोंबड्या आणि गोधड्यांवर बसलेली पोरं. दादा बोचकं घेऊन मुकादमापुढं उभा होता. यादी लागून मला जागा मिळाल्याचं गावभर झालं होतं.

"अर्ध्या कोयत्याचं मी काय करू, दिगू?" मुकादम म्हणत होता. "भावाला चढव, न्हाईतर दुसरं माणूस दे."

दादा माझ्याकडं बघत नव्हता. मी जमिनीकडं बघत होतो. आई मागं उभी होती आणि वहिनीचं बाळ रडत होतं. आता मी "येतो" म्हणायला हवं, हे मला कळत होतं.

तेवढ्यात अंगदतात्या आले. खांद्यावर घोंगडी, हातात कुणाचा तरी मागून आणलेला कोयता.

"मी दिगूच्या जोडीला हाय," ते म्हणाले.

टोळीतली माणसं खो खो हसली. "तात्या, तुमी ऊस तोडणार? का उसाची हजेरी घेणार?"

"पोरपणी आईबापामागं फडातच होतो की मी. हात इसरत न्हाई," तात्या म्हणाले. "मोळ्या बांधंन. उसाचं वाढं गोळा करंन. पुढचं पुढं."

मुकादमाला माणूस हवं होतं. तो खांदे उडवून पुढं गेला. मी तात्यांचा हात धरून त्यांना बाजूला घेतलं. "तात्या, माझ्यापायी नका जाऊ. खरंच नका."

"तुझ्यापायी कशाला?" ते म्हणाले. मग ट्रॉलीकडं पाहिलं आणि आवाज उतरवला. "तिकडं तळावर पाचटाच्या खोपटात, कोपीकोपीला आपली पोरं हायत. आईबाप फडात गेले की दिवसभर नुसती बसून असत्यात. सांच्याला चार अक्षरं तरी सांगंन." थोडं थांबून, माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "बाळू, तुमाला वाटायचं मला तिथं कुणी दिसतं. मला कधी कुणी दिसलं न्हाई रे. रिकाम्या खोलीचं मला लई भ्या वाटतं. म्हणून बोलायचो."

मी त्यांना आणखी आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याचा भार अजून उतरलेला नाही.

तात्या ट्रॉलीत चढले. पोरांनी कुरकुरत त्यांना गोधड्यांच्या कडेला जागा करून दिली. ट्रॅक्टर वेशीबाहेर पडायच्या आत एका लहान पोरीचं डोकं पेंगून त्यांच्या दंडावर पडलं. मी रस्त्यावर उभा राहून हात हलवत होतो. तात्यांनी मला पाहिलं. त्यांचा हात उचलण्यासाठी थोडा हलला, आणि पोरगी जागी होईल म्हणून त्यांनी तो तसाच, अवघडलेला, जागच्या जागी धरून ठेवला.