सातबुरुजी सवाराची बहीण

“नक्कल ती नक्कल आणि अस्सल ते अस्सल!” असं म्हणून झुलालभाऊंनी चहाची बशी बाकावर आपटली आणि निकाल देऊन टाकला.

‘सातबुरुजी सवार’ हा मारामारीचा पिच्चर मुंबईवाल्यांनी नव्याने काढलाय, आता तो बोलतो, गातो, आणि रथाच्या जत्रेत पुखराजशेठच्या तंबूत लागणार आहे, ही बातमी जळगावात येऊन दोन तासही झाले नव्हते. नवा पिच्चर कोणी पाहिला नव्हता. झुलालभाऊंनीही नव्हता. पण निकालाला पुरावा लागतो तो कोर्टात. कापसाच्या जिनाच्या फाटकासमोरच्या चहाच्या दुकानात नाही!

“अहो, पहिल्या पिच्चरमध्ये घोडा खंदकावरून उडायचा, तेव्हा पुढे बसलेली माणसं डोकी खाली घालायची! आता काय होणार? बोलायचं म्हणजे आवाज धरायच्या यंत्रापाशी उभं राहायला हवं. मग हा सवार बोलणार कधी आणि लढणार कधी? अस्सलच्या पासंगालाही पुरायची नाही ही नक्कल! पुरली तर जन्मात पुन्हा पिच्चरवर तोंड उघडणार नाही!”

हे ऐकून दुकानातल्या तिघा-चौघांना नक्कल चांगली निघावी असं अगदी मनापासून वाटलं.

पण थट्टा सोडा. या बाबतीत झुलालभाऊंचा अधिकार मोठा होता. नऊ वर्षांपूर्वी, पिच्चर मुका होता तेव्हा, पुखराजशेठच्या तंबूत पडद्याशेजारी वेताची छडी घेऊन उभं राहायचं आणि काय चाललंय ते लोकांना समजावून सांगायचं, हे काम त्यांचं. तोंड सवाराचं हलायचं, गर्जना झुलालभाऊंची! धुळ्यापासून भुसावळपर्यंत त्यांनी हा एकच पिच्चर चारशे वेळा सांगितला. पुढे पिच्चरला वाचा फुटली आणि झुलालभाऊंची वाचा बसली. तेव्हापासून ते जिनात सरकीच्या पोत्यांवर शिक्के मारत होते. तंबूत शुद्ध बोलायची सवय लागली होती, तेवढी मात्र सुटली नाही. घरातसुद्धा ते छापील पुस्तकासारखं बोलायचे.

आता एक गोष्ट सांगतो, ती तुमच्या-माझ्यातच ठेवा. त्या मुक्या पिच्चरमध्ये मजकुराच्या पाट्या यायच्या त्या गुजरातीत आणि इंग्रजीत. झुलालभाऊ मराठी चौथी! पण पहिल्या दिवशी शेठनी विचारलं, “गुजराती वाचता येतं ना?” तर हे म्हणाले, “म्हणजे काय! पाण्यासारखं!” मग काय करणार बापडे? पाटी आली की छडी फिरवायची आणि चित्रात जे दिसेल त्यावरून द्यायची ठोकून. काळ्या फेट्याचा म्हातारा डोळे वटारतोय? तो कपटी मामा! सवार एका मुलीच्या मनगटात काहीतरी बांधतोय? राखी! म्हणजे मुलगी कोण? लहानपणी ताटातूट झालेली बहीण! शेवटी दोघं गळ्यात पडायचे तेव्हा झुलालभाऊ असा काही हुंदका काढायचे की बायकांच्या बाजूला एक पदर कोरडा राहायचा नाही. चारशे खेळ झाल्यावर तर हे सगळं आपणच रचलंय, हेही ते साफ विसरून गेले.

आणि हा हुंदका भलताच लागू पडला होता. धुळ्याजवळच्या कापडण्याचे अभिमन पाटील यांनी तो खेळ पाहिला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच गाडी जुंपली. बांधाच्या भांडणावरून सहा वर्षं तोंड न पाहिलेल्या बहिणीला ते माहेरी घेऊन आले. तेव्हापासून झुलालनाना म्हणजे त्यांचा देव! यंदा त्यांच्या मुलासाठी, पितांबरासाठी, झुलालभाऊंच्या मुलीची, प्रमिलाची गोष्ट निघाली. पोरं एकमेकांना पसंत पडली. रथाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुपारी फोडायची ठरली, आणि आदल्या दिवशी पाटील आपल्या बायकोला, भागाबाईला घेऊन जळगावात हजर झाले.

“नाना, आज पिच्चर देखूत,” पाटील म्हणाले. “सुपारी सकाळले.”

“चला की!” झुलालभाऊ म्हणाले.

भिकुबाईंनी खापरावर मांडा टाकता टाकता नवऱ्याला खुणेने आत बोलावलं.

“मी सांगस, जाऊ नका. आते त्या पिच्चरले तोंड फुटेल शे. तो त्यानं सांगी, आनि तुमनं बठ्ठं उघडं पडी!”

“काय उघडं पडणार? गोष्ट तीच आहे!”

“सोयरीक मोडनी तं पोरनं काय त्या पडद्यासंगे लगीन लावशात?”

“अगं, अस्सल गोष्ट मी सांगितलेली! ती बदलायची कुणाची छाती आहे?” झुलालभाऊंनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि निघाले. भिकुबाईंनी पुढचा मांडा जरा जोरातच टाकला.

तंबू माणसांनी फुलला होता. बाहेर तेलाचं इंजिन धडधडत होतं. पडद्याच्या वर भला मोठा भोंगा टांगला होता, त्यातून आवाज यायचा. झुलालभाऊ पाटलांच्या शेजारी बाकावर बसले, बायका कनातीपलीकडे. ओळखीची माणसं मागून पुढून रामराम घालत होती. पहूरचा कौतिक तर भर तंबूत ओरडला, “नाना, आज तुम्हले सुट्टी!”

आणि सुरुवात अशी झकास झाली म्हणता! घोडा खंदकावरून उडाला. उडाला म्हणजे काय, ओलांडून गेला.

“हाऊ खंदक?” कौतिक ओरडला. “इतला नाला तं मनी म्हैस बी ओलांडी जाई!”

तंबू खो खो हसला. पुढे लढाई. सवार एक वार करायचा आणि थांबून बोलायचा. शत्रूही बिचारा तलवार वर धरून त्याचं बोलणं संपायची वाट बघायचा. अस्सल पिच्चरमध्ये बुरुजावरून सात माणसं खाली पडायची. इथे दोन पडली, आणि दुसरा जरा बघून, जागा साफ करून पडला.

“काय म्हणालो होतो मी?” झुलालभाऊ मागे वळून सगळ्यांना विचारत होते. पाटीलही मान डोलावत होते. झुलालभाऊंना वाटलं, सुपारी सकाळपर्यंत तरी कशाला थांबवायची?

इतक्यात काळ्या फेट्याचा म्हातारा आला. सवार पुढे झाला, त्याच्या पाया पडला आणि भोंग्यातून खणखणीत आवाज आला, “पिताजी!”

तंबूत कुजबुज झाली. मामाले पिताजी?

“कपट आहे!” झुलालभाऊ ताबडतोब म्हणाले. “मामाला गाफील ठेवतोय! बघाल तुम्ही!”

लोकांना पटलं. मग ती मुलगी आली. सवाराने तिचा हात हातात घेतला. कनातीपलीकडे बायकांनी आतापासूनच नाकं ओढायला सुरुवात केली. सवाराने तिच्या मनगटात काहीतरी बांधलं, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, “प्रिये!”

कुठूनतरी पेटी-तबला सुरू झाला, आणि बहीण-भाऊ झाडाभोवती फेऱ्या मारत गाऊ लागले.

मग पुढच्या रांगेतला एक म्हातारा कापऱ्या आवाजात म्हणाला, “आरे पोरा, बहीण शे ना ती तुनी!”

बस्स! भडका उडाला! कोणी शेंगांची टरफलं भिरकावली, कोणी शेंगाच भिरकावल्या. “लाज शे का नही?” “बंद करा हाई पाप!” कनातीपलीकडून भागाबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर गेला, “उठा हो! आठे बसू नका!” पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने काठी उगारून सवाराच्या तोंडावर मारली आणि पडदा खालपासून वरपर्यंत हलला. सवार मात्र गातच राहिला.

पुखराजशेठ पागोटं सावरत धावत आले.

“अरे भाया झुलाल, तू काय सांगून ठेवलंस रे या लोकांना? कंपनीच्या कागदात ती होणारी बायको लिहिलेली आहे! होणारी बायको!”

हे ते हळू म्हणाले असते तर बरं झालं असतं. आजूबाजूच्या चार बाकांनी ऐकलं आणि ते बाक गप्प झाले. ते गप्प झाले म्हणून बाकीचेही झाले. अभिमन पाटील सावकाश उभे राहिले.

“नाना,” ते म्हणाले, “हाई काय शे? पहिला पिच्चरमां ती पोर कोन व्हती? खरं सांगा.”

नऊ वर्षांत पहिल्यांदा झुलालभाऊंना आठवलं की आपण त्या पाट्या कधी वाचल्याच नव्हत्या! ज्या गोष्टीपायी या माणसाने गाडी जुंपून बहीण घरी आणली, ती आपली थाप होती. असल्या थापाड्याची मुलगी कोण करील? नवी चोळी शिवून बसलेली प्रमिला त्यांच्या डोळ्यांसमोर आली. खरं बोलावं, पाय धरावेत, असं अगदी जिभेपर्यंत आलं. पण ती जीभ चारशे खेळ केलेली! ती कुठली ऐकायला?

“बहीण!” झुलालभाऊ गरजले. “सख्खी बहीण! नक्कल करणाऱ्यांना ना लढाई जमली, ना नातं कळलं! चिंधा, भोंगा बंद कर!”

यंत्रावर बसलेला चिंधा शेंगांच्या माराने आधीच बेजार झाला होता. त्याने आनंदाने तार उपटली. सवाराचा आवाज गेला. झुलालभाऊंनी म्हाताऱ्याच्या हातातली काठी घेतली आणि पडद्याशेजारी जाऊन उभे राहिले.

“पाहा मंडळी! बहीण रुसली आहे! इतकी वर्षं कुठे होतास, म्हणते! भाऊ विनवतो आहे! बहीण झाडाआड लपते! भाऊ म्हणतो, ताई, माहेरी चल!”

“हां! आता कसं!” तंबूने सुटकेचा श्वास टाकला. पडद्यावर सवार छातीवर हात ठेवून गुडघ्यावर बसला, आणि कनातीपलीकडे पदर डोळ्यांना लागले. झुलालभाऊंना नऊ वर्षांचा दम एकदम परत आला. मामा मारला गेला, बुरूज पडले, सगळं यथासांग झालं. आता भाऊ-बहीण गळ्यात पडले की संपलं.

पण नक्कल करणाऱ्यांनी शेवट वाढवला होता! पडद्यावर मांडव आला. होम पेटला. मुंडावळ्या बांधलेली बहीण हार घेऊन पुढे आली. आणि समोर कोण? कमरेला तलवार लावून खुद्द सवार!

झुलालभाऊंची काठी हवेतच थांबली. तंबूही थांबला. बहिणीने भावाच्या गळ्यात हार घातला. कौतिक तोंड उघडून उभा राहिला. आता तो ओरडला की सगळं संपणार होतं! झुलालभाऊंची नजर सवाराच्या चेहऱ्यावरून खाली घसरली, कमरेशी आली आणि तिथेच चिकटली.

“खांडा!” ते किंचाळले. “ओळखा मंडळी! नवरदेव लढाईवर आहे! मुहूर्त टळू नये म्हणून त्याने काय पाठवलंय? आपला खांडा! हार खांड्याला आहे, भावाला नाही! बहिणीचं लग्न खांड्याशी लागतंय, आणि बिचारा भाऊ तो कमरेला लावून उभा आहे! कन्यादान करायचं आणि नवरदेवाच्या जागी उभंही राहायचं! काय वाटत असेल हो त्या भावाला?”

तलवारीशी लग्न लावायची रजपुतांची रीत खानदेशाला काही नवी नाही. बायका हंबरडा फोडून रडल्या. पुढचा म्हातारा “शुभमंगल सावधान!” म्हणाला आणि आख्ख्या तंबूने पडद्यावर शेंगदाण्यांच्या अक्षता टाकल्या!

पुखराजशेठनी तिथल्या तिथे झुलालभाऊंचे हात धरले. “जत्रा संपेपर्यंत रोज या, भाया. भोंग्याला सुट्टी!” झुलालभाऊ बाहेर पडले ते वीतभर उंच होऊन. भागाबाई डोळे पुसत पुढे गेल्या. पाटलांनी गोडीशेव घेतली आणि दोघे व्याही दुकानापाशी उभे राहिले.

“सुपारी सकाळले फोडूतच,” पाटील म्हणाले. “पन नाना, एक सांगू? पंधरा वरीस मी मिरची लीसन सुरतले जात व्हतू. गुजराती माले वाचता येस.”

गोडीशेव झुलालभाऊंच्या घशात अडकली. पाटलांनी पाठीवर थाप मारून ती खाली उतरवली.

“म्हणजे धुळ्याला... त्या पाट्या...”

“बठ्ठ्या वाच्यात. तठे बी होणारी बायकोच लिखेल व्हतं.”

“मग भर तंबूत मला विचारलंत ते?”

“तुम्ही कसं निभावतस ते देखाले!”

“आणि बहिणीला आणायला गेलात ते?”

“पाटी वाचीसन कोनी बहिणीले लेवाले जास का? तुमनं सांगणं आयकीसन गयथू.” पाटलांचा आवाज जरा ओला झाला. “आज देखा, घरमां बहीण शे, तिना पोरं शेतस. मना हिशोबे तुमनी गोष्टच अस्सल, नाना. पाट्याच खोट्या.”

“मी म्हणतच होतो!” झुलालभाऊंची छाती पुन्हा फुगली. “अस्सल ते...”

“पन तवापासून तुमना सभाव माले पक्का कळी गया,” पाटील शांतपणे म्हणाले. “तुम्हीन सांगं, पोर सोळानी शे. मी एकोणीस धरी लिन्हं.”

झुलालभाऊंनी बोटांवर काहीतरी हिशोब केला. मग जपून विचारलं, “पाटील, पितांबरराव बावीसचे आहेत, असं तुम्ही सांगितलं होतं ना?”

पाटलांनी पुड्यातली शेवटची शेव तोंडात टाकली आणि जत्रेतल्या फिरत्या पाळण्याकडे बघत म्हणाले, “ते बी तसंच धरी ल्या.”