मागं जागा हाय

गायकवाड मामा एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाले, पण त्यांच्यातली एसटी काही रिटायर झाली नाही. रविवारी धाराशिवात त्यांच्या माडीवर आमचं मंडळ भरतं. गे, लेस्बियन, ट्रान्स अशी जिल्हाभरातली पोरंपोरी. मामाही आमच्यातलेच, एकटे राहतात. खोलीत दोनच माणसं असली तरी दारात उभं राहून म्हणणार, "सरका, मागं जागा हाय." मग गाडी सोडायच्या डबल बेलसारखी पेनानं खिडकीच्या गजावर दोनदा टकटक. त्याशिवाय बैठक सुरू होत नाही. कुणी रडत आलं, तर आधी खिडकीजवळची जागा, मग चौकशी.

मी या मंडळाचा मोठा वक्ता. "लपून किती दिवस जगायचं?" हे माझं गाजलेलं भाषण. घरी अणदूरला मात्र थाप मारलेली, की रविवारी स्पर्धा परीक्षेचा क्लास असतो. वर पत्ता खरा देण्याची अक्कलही माझीच.

एकदा भाषण ऐन रंगात आलं आणि जिन्यात अण्णांचा खोकला ऐकू आला. माझे वडील, क्लासच्या सरांना भेटायला आलेले. मी वाक्य अर्धवट सोडलं आणि गाद्यांच्या ढिगामागं जाऊन दडलो. मागं खरंच जागा होती.

मामांनी अण्णांना दारातच खुर्ची दिली, पाणी दिलं. अण्णांनी विचारलं, "सर, आमचं पोरगं साहेब व्हईल का?"

मामांना खोटं बोलता येत नाही, हे सगळ्या मंडळाला ठाऊक. गाद्यांमागं मी तुळजाभवानीला हात जोडले.

"साहेबाचं मला ठावं न्हाय," मामा म्हणाले. "पण पोरगं मनानं लई चांगलं हाय. उद्या तुमाला न पटणारं काय सांगितलं, तर तेवढं घराबाहेर काढू नका."

अण्णांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "एकुलतं हाय. त्याला काढून म्या कुणाकडं बघू?" एवढं बोलून ते उठले. माझ्यासाठी आणलेला भाकरीचा डबा खुर्चीवर ठेवून गेले.

मी कापूस झटकत बाहेर आलो. सगळी हसत होती. मामा खिडकीतून रस्त्याकडं बघत होते.

"माझ्या बापापाशी असं बोलाय कुणी नव्हतं रं," ते म्हणाले. "घर सुटलं ते सुटलंच. नोकरीभर डेपोत झोपलो."

मग डबा माझ्या हातात देत म्हणाले, "पळ. अणदूरची गाडी लागली असंल. बापाशेजारची जागा धर, आन् काय सांगायचं ते सांग."

जिना उतरताना मला माझ्या भाषणातलं एकही वाक्य आठवेना. तेवढ्यात वर गजावर दोनदा टकटक झाली.