टेकडीत खोचलेले रानकोंबडे

एका जंगलात एक टेकडी होती. कुठलं जंगल ते विचारायचं नाही. मधे बोललात तर गोष्ट बंद!

टेकडीच्या पोटात घुशी राहत. इतक्या खेटून, की एकीला शिंक आली तरी ती बाहेर पडत नसे. आत काही म्हणजे काही हलत नसे.

पळापळ सगळी वरून. तिथे मुंग्यांची वाट होती. जाणारी मुंगी डावी मिशी वर धरी, येणारी उजवी. दगड आडवा आला तर वळसा घालायचा, पण अर्ध्या वाटेतून माघारी फिरायचं नाही. फिरलं तर मिशी बदलावी लागे, आणि बाकीच्या फिदीफिदी हसत.

सगळं छान चाललं होतं ना? म्हणूनच डॉक्टर सायाळ अस्वस्थ झाले.

"महाराज, टेकडीत थोडी भेसळ करू या," ते सिंहाला म्हणाले.

"भेसळ?" सिंह गुरगुरला.

"शास्त्रीय भेसळ, महाराज! परदेशी जंगलांत सर्रास करतात."

"असं होय! मग करा की."

डॉक्टरांनी टेकडीत मधूनमधून रानकोंबडे खोचले. माना तेवढ्या बाहेर. घुशींना पत्ताही लागला नाही.

पहाटे कडाक्याची थंडी पडली. गारठ्याने सगळे कोंबडे एकाच बाजूला तोंड करून आरवले. त्या चोची बघून उलट जायची कुणाची छाती होईना. झाडून सगळ्या मुंग्यांनी डावी मिशी वर केली आणि एकाच दिशेने सुटल्या.

त्यांत कुंदा होती. पिल्लांसाठी साखरेचा कण घेऊन घरी निघालेली. घर हाकेवर, पण उलट्या बाजूला! बिचारी अख्ख्या टेकडीला वळसा घालून दारापाशी आली.

"आई, भूक!" पिल्लं रडली.

"आले रे राजांनो," म्हणेपर्यंत मागच्यांनी तिला पुढे रेटलं. पुन्हा वळसा. पुन्हा दार. पुन्हा रेटा. पिल्लांचा आवाज बारीक होत चालला.

"डॉक्टर, मला घरी जाऊ द्या हो! पोरं मरतील माझी!"

डॉक्टरांचे डोळे आनंदाने भरून आले होते. "बाई, काय सुंदर वाहताय तुम्ही! कुठे अडथळा नाही, कुठे झीज नाही!"

"अहो, मी झिजले की!"

दुपारी ऊन रणरणलं. कोंबडे वैतागले. एक सावलीकडे वळला, एकाने मातीत चोच खुपसली, दोघे भांडू लागले. कुठल्या चोचीचं ऐकायचं? मुंग्या गोंधळून थांबल्या.

कुंदा धाडकन घरात शिरली. पिल्लांच्या तोंडात साखर कोंबली आणि ढसाढसा रडली.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "उन्हाने घात केला, महाराज! एवढा सुंदर प्रयोग!"

"रडू नका," सिंह म्हणाला. "उद्यापासून टेकडीवर बर्फ टाका."

तात्पर्य: बाळांनो, प्रगती जोरात चालू असताना घरी जायचा हट्ट धरू नये. पोरं अगदीच भुकेली असतील, तर कुणाचं तरी डोकं तापायची वाट बघावी.