चार किलोंचा संशय

वजनमापे निरीक्षकांनी संत्र्याच्या सालीच्या कॅप्सूल सुरू केल्या, त्या निव्वळ बिस्किटांसाठी. डॉक्टरांनी बजावलं होतं, महिन्यात चार किलो उतरवा, नाहीतर संध्याकाळच्या चहाबरोबरची लोण्याची बिस्किटं कायमची बंद. बाटलीवर लिहिलं होतं, ‘चयापचय वाढवते, चरबी वितळवते.’ साहेबांचा छापील शब्दावर काडीचा विश्वास नव्हता (बावीस वर्षं दुकानदारांच्या संगतीत गेली होती), पण चालायला जाण्यापेक्षा गिळणं सोपं.

त्यांनी घरातला वजनकाटा उलटा करून तपासला आणि त्याच्या स्क्रूवर चक्क सरकारी मोहोर ठोकली.

"अहो, घरातल्या काट्याला मोहोर?" बायको बघतच राहिली.

"मी कुणालाच सूट देत नाही. म्हणून तर बाजारात शिरलो की दुकानदार उठून खुर्ची देतात."

पहिल्या आठवड्यात किलोभर उतरलं. दुसऱ्यात आणखी एक. महिनाअखेरीस चौऱ्याऐंशीचे ऐंशी झाले! साहेब हरखले आणि लगेच धास्तावले. कमरेचा पट्टा अजून त्याच भोकात अडकत होता, बिस्किटंही रोज सहा जात होती. मग गेलं काय? हाडं तर वितळत नव्हती ना? त्यांनी आरशासमोर स्वतःची मनगटं दाबून पाहिली.

शेवटी ऑफिसातलं वीस किलोचं प्रमाणित वजन त्यांनी धापा टाकत घरी आणलं. रिकाम्या काट्याची सुई शून्यावर होती. वर वजन ठेवलं. सुई एकोणीसवर थांबली.

"कुणी हात लावला याला?"

"मी," बायको चहात बिस्कीट बुडवत म्हणाली. "दर रविवारी स्क्रू थोडा थोडा पिळत होते. बिस्किटं काय तुमच्या एकट्याचीच बंद होणार होती? घरात यायचीच थांबली असती."

साहेब गुडघ्यांवर बसले. मोहोर जशीच्या तशी होती.

"मोहोर न तोडता स्क्रू पिळलास कसा?"

"पलीकडचा पिळला. सुई त्यानेच हलते म्हणे. किराणा दुकानदाराने दाखवलं."

"त्याला कसं माहीत?" साहेबांनी काट्यावरून मान वर केली.

"त्यालाच कशाला, अख्ख्या बाजाराला माहीत आहे. बावीस वर्षं तुम्ही भलत्याच स्क्रूवर मोहोर ठोकताय." तिने शेवटचं बिस्कीट उचललं. "नाहीतर उगाच कोण उठून खुर्ची देतं?"